काय विशेष?

साताऱ्यात आम्ही लहान असताना पेढे घ्यायला गेलं की दुकानातले अण्णा तराजूला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारायचे. "काय विशेष?" आणि उत्तर द्यावंच लागायचं. सक्ती नव्हती तशी, पण पेढे मागायचे आणि वर विशेष काही नाही म्हणायचं हे जरा संशयास्पदच वाटायचं. जिलेबी घेताना कोणी असं विचारत नसे, फरसाण घेताना नाही, बालुशाही, म्हैसूरपाक, शेव कशालाच नाही. पेढे मात्र बातमीशिवाय घरी येत नसत. कोणीतरी पास झालेलं असायचं, कुणाला नोकरी लागलेली असायची, कुणाची बदली रद्द झालेली असायची (हे फार मोठं प्रकरण असायचं आमच्याकडे, बाबा रयत शिक्षण संस्थेत शिक्षक, त्यामुळे बदली झाली तर रडारड आणि रद्द झाली तर पेढे).

दुकान मोती चौकातून राजवाड्याकडे जाताना लागायचं. लागतं अजून. तेव्हा पुढे लाकडी फळ्या होत्या, रात्री एकेक करून खाचेत बसवायच्या आणि सकाळी काढायच्या, त्यांच्यावर खडूने नंबर घातलेले. काचेचं कपाट, त्यात पितळी परातींमधे पेढे रचलेले, आणि कपाटाच्या आत कायम चारदोन गांधीलमाश्या फिरत असायच्या. मला त्यांची भयंकर भीती वाटायची पण अण्णा त्यांच्यातून हात घालून आरामात पेढे काढायचे, त्यांना कधी चावल्याचं मी तरी पाहिलं नाही. एकदा मी विचारलंही की तुम्हाला कशा चावत नाहीत, तर म्हणाले, "त्या पण गिऱ्हाईकच की." मला तेव्हा हे खूप पटलं होतं.

मागच्या बाजूला भट्टी. पाऊस असला की त्या भट्टीचा वास पार चौकापर्यंत यायचा, आणि साताऱ्याला पाऊस असतो म्हणजे चार महिने असतोच. पेढ्याचा वास म्हणतात लोक, पण खरं तर तो पेढ्याचा नसतो, भाजणाऱ्या खव्याचा असतो. साताऱ्याच्या कंदी पेढ्याचं सगळं गुपित म्हणाल तर एवढंच, की खवा नुसता आटवून थांबायचं नाही, तो परत कढईत घालून भाजत बसायचं. म्हशीचं दूध असेल तर साधारण साडेचार-पाच लिटरचा किलोभर खवा पडतो. तो मंद आचेवर हलवत राहिलं की दुधातली साखर आणि प्रथिनं एकमेकांना धरतात, रंग चढायला लागतो, पांढऱ्याचा बदामी, बदामीचा तपकिरी. मग साखर, वेलदोडा. साखर बेताचीच. पाणी बरंचसं उडून गेलेलं असल्यामुळे हा पेढा टिकतोही. एसटीने मुंबईला न्या, आठवडाभर डब्यात ठेवा, काही होत नाही त्याला. पुण्यामुंबईत मिळणारा तो पिवळा मऊ केशरी पेढा, वर पिस्त्याचा काप लावलेला, तो मला आजही पेढा वाटत नाही. वाईट नाहीये तो. पण बर्फीने पेढ्याचे कपडे घातल्यासारखा वाटतो. धारवाडी पेढा आपल्या जातीतला, तोही भाजलेला, फक्त वरून साखरेत घोळवलेला. कुंथलगिरीचा पण मला आवडतो. वाडीला, म्हणजे नरसोबाच्या वाडीला गेलं की तिथले कंदी पेढे आणि कवठाची बर्फी आणायचीच. पण तरी शेवटी आपलं गाव ते आपलं गाव, इथे मी काही तटस्थ वगैरे राहू शकत नाही, सॉरी.

कंदी शब्दाची एक गोष्ट गावात सगळे सांगतात, की इंग्रजांनी पेढा खाल्ला आणि ते त्याला कँडी म्हणाले, कँडीचं झालं कंदी. आम्हाला पण लहानपणी हेच सांगितलं होतं आणि आम्ही ते पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगायचो. पुढे कधीतरी कळलं की फारसीत कंद म्हणजेच साखर, आपल्या कलाकंदातला कंद पण तोच, आणि इंग्रजांची कँडी सुद्धा फिरत फिरत तिथूनच गेलेली. मग मला वाटायला लागलं की शब्द आपल्याकडे आधीपासून होताच की, गोऱ्या साहेबाने येऊन पेढा खायची वाट कशाला बघेल तो. पण गावाला साहेबाची गोष्टच आवडते. असू दे.

तर बातमी. पेढ्याची पहिली बातमी माणूस जन्माला येतानाच होते आणि तिथेच पहिला घोळ आहे. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, काही ठिकाणी जिलेबी. दवाखान्यातून कोणी डबा घेऊन आलं की झाकण उघडेपर्यंत सगळ्यांचे डोळे त्या डब्यावर, विचारायची गरजच नाही. "पेढे की बर्फी?" हा प्रश्न आमच्याकडे आजही लोक सर्रास विचारतात, चांगली शिकलेली माणसं विचारतात. १९७५ ला दादाच्या वेळेला पेढे वाटले आणि १९७८ ला माझ्या वेळेला बर्फी. मला हे कळलं तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन आणि मी घर डोक्यावर घेतलं होतं. पेढे का नाही वाटले म्हणून. आईला काही बोलता येईना, बाबा पेपरात तोंड घालून बसले, शेवटी आजी स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं भवाने, बर्फी पेढ्यापेक्षा महाग होती! तुझ्यासाठी जास्त पैसे गेले!" मी एकदम गप्प. मला ते फारच आवडलं, पुढे कित्येक दिवस मी दादाला तू स्वस्तातला म्हणून चिडवायचे. बर्फी खरंच महाग होती का, का आजीने ते तिथल्या तिथे रचलं, कोण जाणे. आता विचारायला आजीही नाही. आणि अण्णांना विचारावं असं मात्र कधी वाटलं नाही, उत्तर उलटं आलं तर काय करणार.

आता विचार केला की वाटतं, आपल्या भाषेलाच ही सवय आहे, कुठलीही गोष्ट पक्की व्हायची असेल तर साखर मध्ये आल्याशिवाय ती होत नाही. लग्न ठरलं की त्या कार्यक्रमाचं नावच मुळी साखरपुडा. म्हणजे साखरेची पुडी. अंगठी नाही, वचन नाही, पुडी! कोणी चांगलं बोललं तर तुझ्या तोंडात साखर पडो. भांडण मिटलं की तोंड गोड करा. आणि दुःखातसुद्धा आहेच ती. तेराव्याला गोड करतात, तोपर्यंत घरात गोड शिजत नाही, आणि त्या दिवशी जवळचे लोक येऊन जबरदस्तीने घास भरवतात, की झालं, आता उठा आणि कामाला लागा. त्या लाडवांची ऑर्डर पण अण्णांकडेच असायची. त्यामुळे गावात कोण जन्मलं, कोण पास झालं, कुणाचं जमलं, कुणाचं जुळता जुळता मोडलं (पेढ्यांची ऑर्डर कॅन्सल) आणि कोण गेलं हे अण्णांना कुठलाही पेपर न वाचता कळत असणार. पण ते बोलायचे नाहीत कधी. गावातल्या न्हाव्याकडून सगळं कळायचं, अण्णांकडून काहीही नाही.

पेढा मोठ्यांचा झाला. आम्हा मुलांचं खातं वेगळं होतं. शाळेच्या बाहेर एक आजी पोतं टाकून बसायच्या, त्यांच्याकडे बोरं, चिंचा, आवळासुपारी, गूळशेंगदाणे, आणि कोपऱ्यावरच्या टपरीत बरण्या. लिमलेटच्या गोळ्या, संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या, नारिंगी आणि पिवळ्या आणि एक हिरवी जी कोणालाच नको असायची. श्रीखंडाची गोळी. जिरागोळी. ती सिगारेटसारखी पांढरी गोड कांडी जिचं टोक लाल असायचं, ती तोंडात धरून थंडीत वाफ सोडत चालायचं आणि ओळखीचं कोणी दिसलं की पटकन चावून टाकायची. ह्या गोष्टींना बातमी लागत नसे, त्यांना फक्त चाराणे लागायचे. चाराणे हे नाणं आता चालतच नाही, २०११ च्या जूनअखेरीला २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी बंद झाली. मला त्या दिवशी उगाच वाईट वाटलं होतं, वास्तविक त्याच्या कितीतरी आधीपासून चाराण्याला काहीच मिळत नव्हतं.

गोळीला बातमी लागायची ती वर्षातून तीनदा. एक आपला वाढदिवस, तेव्हा रावळगावच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन वर्गात जायचं, नवा फ्रॉक घालून, आणि बाईंना दोन आणि बाकीच्यांना एकेक. जिच्याशी भांडण असेल तिला पाकिटात हात घालून शोधून शोधून चुरा झालेली द्यायची, हे मी केलेलं आहे. आणि दुसरी-तिसरी म्हणजे १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी. पावसात झेंडावंदन, प्रमुख पाहुण्यांचं भाषण संपता संपत नाही, आणि शेवटी रांगेत एक लिमलेटची गोळी. देशाचा वाढदिवस, त्यामुळे देशाने गोळ्या वाटल्या असा माझा साधा सरळ हिशोब होता आणि तो चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही.

रावळगावचं नाव आलंच आहे तर. ते गावाचं नाव आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. नाशिक जिल्ह्यातलं, मालेगाव तालुक्यातलं गाव. वालचंद हिराचंदांनी तिथे १९३३ मध्ये साखरेचा कारखाना काढला आणि १९४२ पासून गोळ्या करायला लागले. आम्हाला काय, रावळगाव म्हणजे गोळी, जसं तूप म्हटलं की डालडा म्हणायचे लोक. पार्ले पण तसंच, लोकांना बिस्किट आठवतं पण १९२९ ला विलेपार्ल्यात सुरुवात झाली ती गोळ्या-चॉकलेटांनीच, बिस्किटं दहा वर्षांनी आली. तर रावळगावचे ते सगळे ब्रँड, पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक वगैरे, २०२४ मध्ये रिलायन्सच्या कंपनीने घेतले, २७ कोटींना. मी ती बातमी फोनवर वाचली आणि पहिल्यांदा मनात काय आलं तर, बस्स? एवढेच? पुण्यात बऱ्या वस्तीत दहाबारा फ्लॅट येतील त्यात. आमच्या अख्ख्या पिढीच्या वाढदिवसांची किंमत दहाबारा फ्लॅट. पण मग असंही वाटलं की मी स्वतः शेवटचं पाकीट कधी विकत घेतलं होतं? लेकीच्या वाढदिवसाला वर्गात काय दिलं होतं मी, तर पेन्सिल, खोडरबर आणि त्या छोट्या वह्या, कारण शाळेने खाऊ आणू नका असं सर्क्युलर काढलेलं. मग रावळगाववाल्यांनी तरी काय करायचं.

घरच्या गोष्टी अजून वेगळ्या. संक्रांतीच्या आधी आजी हलवा करायची. हे ज्यांनी बघितलंय त्यांनाच कळेल की हा किती वेडा उद्योग आहे. शेगडीवर परात, परातीत भाजलेले तीळ किंवा साबुदाणे, शेजारी साखरेचा पाक, आणि चमच्याने थोडा थोडा पाक त्यावर सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी हलवत बसायचं. तासन् तास. निखारे जास्त झाले तर पाक करपतो, कमी झाले तर हलवा नुसताच गुळगुळीत होतो आणि त्याला काटा येत नाही. काटा आलाच पाहिजे. दोन-तीन दिवस चालायचं हे, बोटांची टोकं लाल व्हायची तिची, आणि तयार काय व्हायचं तर एक छोटा डबा. नव्या सुनेला आणि बोरन्हाणाच्या बाळाला त्याचे दागिने करायचे, मंगळसूत्र, मुकुट, बाजूबंद. माझा हलव्याच्या मुकुटातला फोटो आहे, त्यात मी मुकुट ओरबाडून खातेय. काकूच्या पहिल्या संक्रांतीला आजीने केलेला हार काकूने जपून ठेवला होता आणि त्याला मुंग्या लागल्या, त्यावरून त्या दोघींचं जे वाजलं ते पुढे वीस वर्षं अधूनमधून वाजत राहिलं. पाडव्याच्या साखरेच्या गाठी मात्र विकतच्या, लाकडी साच्यात पाक ओतून केलेल्या. त्या चवीला काही खास नसतात हे आता कबूल करून टाकूया. गुढी उतरली की गाठीचा शेवटचा तुकडा फ्रीजच्या वर कुठेतरी पडून राहतो तो थेट गणपतीच्या साफसफाईत सापडतो, तुमच्याकडे पण असंच असणार.

पण मला सांगायची होती ती १९९१ ची गोष्ट.

दादाची दहावी. रिझल्टच्या दिवशी गावात पेढे संपायचे, हे सगळ्यांना माहीत. दुपारी निकाल शाळेत मिळाला की अख्खं गाव एकाच वेळी मोती चौकात. म्हणून बाबांनी सकाळी शाळेत जाता जाताच अण्णांना सांगून ठेवलं, अर्धा किलो बाजूला काढून ठेवा, दुपारी नेतो. आमच्या घरी याचं एक न बोललेलं दरपत्रक होतं, नुसतं पास म्हणजे पाव किलो, फर्स्ट क्लास म्हणजे अर्धा. पाव किलोत चौदा-पंधरा पेढे बसतात, आळीतली घरं तेवढ्यात कशीबशी होतात. बाबांनी अर्धा सांगितला, यातच काय ते आलं.

दादा गणितात गेला.

सरांचा मुलगा नापास. बाबा गणितच शिकवायचे हे मी अजून सांगितलंच नाही. घरात कोणी कोणाशी बोलेना, दादा कुठे आहे पत्ता नाही (नंतर कळलं टेकडीवरच्या चार भिंती स्मारकापाशी जाऊन बसला होता, पावसात, संध्याकाळपर्यंत), आई देवापुढे, आणि बाबांना तेवढ्यात ते पेढे आठवले. अण्णांनी बाजूला काढून ठेवलेत, गर्दीचा दिवस आहे, उगाच माणसाचं नुकसान नको. स्वतः जाववेना म्हणून मला पाठवलं. जा, सांगून ये, नकोत म्हणून.

मी तेरा वर्षांची. दुकानासमोर ही गर्दी, सगळे हसतायत, पोरांच्या कपाळाला कुंकू, कोणी कोणाच्या पाया पडतंय. मी मागे उभी. मला पुढे जायचं धाडस होईना, आणि खरं सांगायचं तर मला दादाचं दुःख वगैरे काही वाटत नव्हतं, मला पेढा मिळणार नाही याचा राग येत होता. अण्णांच्या मागच्या फळीवर बांधलेले पुडे ओळीने ठेवलेले, प्रत्येकावर पेन्सिलने नाव. एकावर नुसतं "सर" लिहिलेलं. अण्णांनी मान वर केली आणि त्यांना मी दिसले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं असेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वळून फळीवरचा तो पुडा खाली घेतला, सुतळी सोडली, आणि समोरच्या गिऱ्हाईकाला म्हणाले, "तुमचं नशीब बघा, संपले म्हणत होतो, निघाले अर्धा किलो." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "जा बाळ घरी, पाऊस वाढायला लागलाय."

विचारलं नाही.

दादा ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेला बसला, डिसेंबरात निकाल लागला. सुटला. त्या दिवशी बाबा मला बरोबर घेऊन गेले. ऑक्टोबरच्या निकालाला पेढ्यांची रांगबिंग नसायची, तो निकाल लोक गुपचूप घेऊन घरी जायचे. पण आम्ही गेलो तेव्हा दुकानात पाचसहा जण होते आणि अण्णा त्या सगळ्यांच्या डोक्यावरून मोठ्याने म्हणाले, "या सर! काय विशेष?" बाबा म्हणाले, "मुलगा दहावी झाला." "वा! किती देऊ?" "पाव किलो." तोलून दिले. ऑक्टोबर हा शब्द कोणीच काढला नाही. दादा आता कोल्हापूरला फाउंड्रीत आहे, दिवसभर वजनं आणि टक्केवाऱ्यांचंच काम करतो, आणि गणितात गेलो होतो हे स्वतःच हसत सांगतो, पण पेढे मात्र तो कुठल्याही कारणासाठी अर्ध्या किलोच्या खाली घेत नाही. पाव किलो म्हटलं की त्याचा चेहरा बदलतो.

मागच्या वर्षी त्याच्या लेकीचा दहावीचा निकाल. दुपारी एकला वेबसाईट उघडली, एक वाजून सहा मिनिटांनी फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट, एक वाजून वीसपर्यंत अमेरिकेतल्या आत्याचे सुद्धा अभिनंदन येऊन गेले. संध्याकाळी दादा पेढे घेऊन सोसायटीत वाटायला निघाला तर प्रत्येक घरात तेच, "अहो कळलं आम्हाला, किती छान", आणि मग पेढ्याकडे बघून, "अर्धाच द्या, शुगर आहे." बातमी आधी पोचलेली, पेढा मागून, पाहुणे निघून गेल्यावर आलेल्या आचाऱ्यासारखा. तो फोनवर मला म्हणाला, "अगं, दोन किलो आणले होते, दीड किलो उरले." मी म्हटलं साताऱ्याला असतास तर असं झालं नसतं. पण झालं असतं. मला माहितीये.

पुण्यात आमच्या घराजवळ मिठाईचं झकपक दुकान आहे, एसी, काचेचे दरवाजे. प्रत्येक ट्रेसमोर तारखेचं कार्ड, कधीपर्यंत खायचं ते, २०२० च्या ऑक्टोबरपासून सुट्या मिठाईला हे बंधनकारकच केलंय आणि चांगलंच केलंय, माझी काही तक्रार नाही. तक्रार एकच, की एकदा खोक्यासकट वजन केलं, मी म्हटलं खोकं चांगलं पन्नास ग्रॅम आहे, तर तो मुलगा माझ्याकडे असं बघायला लागला की जणू मी खोकं खायला मागतेय. असो. तिथे पैसे दिले की एक डबी बोलते, इतके रुपये मिळाले म्हणून. माणसं बोलत नाहीत. लेकीला कॉलेजात ॲडमिशन मिळाली तेव्हा मी तिथून पेढे घेतले आणि बिल होईपर्यंत उगाच काउंटरला टेकून थांबले होते, त्याने विचारावं म्हणून. नेक्स्ट म्हणाला.

आता यावर्षीचं. बाबा जाऊन चार वर्षं झाली, आई माझ्याकडे पुण्याला, घर बंद. दर पावसाळ्यात कौलं, दर दिवाळीत रंग, आणि राहायला कोणी नाही. शेवटी विकायचं ठरलं. ऑगस्टात रजिस्ट्रीला गेलो, मी, दादा, आई. घेणारं जोडपं तरुण, तो एमआयडीसीत, तिचे दिवस भरत आलेले. फोटो झाले, अंगठे झाले, आईची सही तीनदा घ्यावी लागली कारण तिचा हात थरथरत होता. सगळं आटपून बाहेर आलो तर त्याने पिशवीतून पुडा काढला. पुड्यावरचा कागद बघूनच मी आणि दादाने एकमेकांकडे बघितलं. "घ्या ना ताई, तोंड गोड करा. आमचं पहिलंच घर आहे." दादाने एक घेतला. मी घेतला. चव तीच होती, अगदी तीच, मला उगाच वाटत होतं की बदललेली असेल. आईने अर्धा खाल्ला आणि अर्धा रुमालात बांधून पर्समध्ये ठेवला, आणि त्या मुलीच्या पोटाकडे बघून म्हणाली, "घरात पेढे येवोत नाहीतर बर्फी, बर्फी महाग असते बरं का." ती मुलगी नुसतीच हसली, तिला काय कळणार.

निघताना गाडी मोती चौकात थांबवायला लावली मी. दादा म्हणाला मी नाही येत, तू जा. दुकानाला आता शटर आहे, काटा इलेक्ट्रॉनिक आहे, गांधीलमाश्या मात्र आहेत. अण्णा ऐंशीच्या घरात, पुढेच खुर्ची टाकून बसलेले, काउंटरवर त्यांचा मुलगा. माझ्या पुढे मुंबईकडचा एक ग्रुप, रेनकोट घातलेला, कासच्या पठारावर फुलं बघायला निघालेला. २०१२ ला कासला युनेस्कोचा टॅग लागला तेव्हापासून पावसाळा-सप्टेंबरात दुकानात निम्मं गिऱ्हाईक हेच असतं. मुलाने त्यांना विचारलं, "काय विशेष?" ते गोंधळले. एकजण म्हणाला, "नाही, म्हणजे, इथले फेमस आहेत ना?" "हो हो," मुलगा म्हणाला, "किती देऊ?"

मग माझा नंबर. अर्धा किलो द्या म्हटलं. मुलाने माझ्याकडे बघितलं, मग एकदा अण्णांकडे. अण्णा माझ्याकडेच बघत होते. घेणाऱ्याने सकाळी इथूनच तर पेढे नेले होते, काय विशेष ते त्याने सांगितलं असणारच, सरांचं घर घेतलं म्हणून. मुलाने अर्धा किलो तोलला. वर दोन पेढे ठेवले. खोकं नाही, कागदच, आणि रबर लावणार तेवढ्यात अण्णांनी खुर्चीतूनच खूण केली तेव्हा ड्रॉवरमधून सुतळी काढून बांधली. मी पैसे दिले, सुटे परत घेतले. अण्णा म्हणाले, "सांभाळून जा, घाटात पाऊस आहे."

दोघांपैकी कोणीच काही विचारलं नाही.